लाकूड मरू नये म्हणून

४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ.
रिचेलने माझ्या फोनमध्ये काहीतरी करून दिलंय. मी बोलायचं, तो लिहिणार. तारीखही तोच टाकणार. मी म्हटलं, अगं, मला वाचता कुठे येतं? नात म्हणाली, आजी, वाचू नकोस, नुसती बोल, आमचे कान तरी सुटतील. चौऱ्याहत्तर वर्षं एक अक्षर गिरवलं नाही आणि आता रोजनिशी. बरंच झालं. माझी गुपितं माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित. मी कोळणीसारखं बोलते आणि हा मास्तरसारखं लिहितो म्हणे. लिहू दे. मला कुठे दिसतंय.

उद्या पाचूबंदर सोडायचं. छप्पर उतरवलंय, स्लॅब पडणार. चार आठवडे मुलाकडे, ग्लेनच्या फ्लॅटवर, आचोळ्याला. सामान काही नाही. दोन लुगडी, औषधं, रोझरी. आणि पास्कूचा पाईप.

आमचा पास्कू बोटीवर भंडारी होता. भंडारी म्हणजे स्वयंपाकी, पण चालायचा कॅप्टनसारखा. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी सुक्या बोंबलांच्या पैशांतून क्रॉफर्ड मार्केटहून त्याला पाईप आणला. म्हटलं, तोंडात धरूनच बोटीवर चढायचं, मला वचन दे. त्याने दिलं. एकतीस वर्षं तो पाईप रॉटरडॅम, मोंबासा, योकोहामा फिरून आला. एक ओरखडा नाही.

पास्कू गेला त्याला तीस तारखेला वर्ष होईल. जाताना म्हणाला, मॅग्डू, चर्चमध्ये वर्षाची मिस्सा झाली की पाईप माझ्या बोटीवरच्या काळूरामला दे. तोवर तू जप. मी म्हटलं, जपीन. म्हणाला, तुझ्या हातात काही टिकत नाही. मरतानासुद्धा टोमणा. म्हणजे सव्वीस दिवस राहिले. सव्वीस दिवस काय, मी सव्वीस वर्षं जपीन.

५ नोव्हेंबर, मंगळवार. दुपार.
पोचलो. पाईप आधी मोज्यात, मोजा टॉवेलमध्ये, टॉवेल तांब्यात, तांब्या माझ्या जुन्या मासळीच्या पाटीत, पाटी मांडीवर. रिक्षावाल्याने विचारलं, मावशी, अंडी आहेत का? मी म्हटलं, नाही, नवरा आहे. त्याने आरसा दुसरीकडे वळवला. वसई ते आचोळे खड्डे मी मोजले नाहीत, माझ्या कमरेने मोजले. पाईपला काही झालं नाही. जमतं मला. पास्कू, ऐकतोयस ना?

५ नोव्हेंबर. संध्याकाळ.
एक गोष्ट या फोनला सांगून ठेवते. मी पाईप ओढत नाही. पास्कू म्हणायचा, पाईप आठवड्यातून एकदा पेटवला नाही तर लाकूड मरतं. म्हणून मी पेटवते. पेटवला की विझू द्यायचा नसतो, म्हणून दोन-चार वेळा ओढावं लागतं. त्याला ओढणं म्हणत नाहीत. त्याला काळजी म्हणतात. मी दिवसातून दोनदा घेते. शेवटचे दिवस आहेत, कमी पडायला नको.

पण ग्लेनला हे कळणार नाही. डॉक्टरने माझा छातीचा फोटो काढल्यापासून तो पोलीस झालाय. सून ॲनिशा तर घरात मच्छरची अगरबत्तीसुद्धा लावत नाही. आज जेवताना ग्लेन म्हणाला, आई, पाईप इथे द्या माझ्याकडे, मी कपाटात कुलूप लावून ठेवतो. मी म्हटलं, पाईप मी पाचूबंदरला शेजारी ठेवलाय. म्हणजे खोटं नाही. माझ्या शेजारीच आहे, उशीखाली.

६ नोव्हेंबर, बुधवार.
उशीखाली नको. मान आखडली. तांदळाच्या डब्यात, तळाशी. तिथे ना ओल, ना हवा, ना ग्लेन. इतकी सोपी गोष्ट लोकांना सुचत नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार.
ॲनिशाच्या आईला जेवायला बोलावलं होतं. ॲनिशाने डब्यातल्या तांदळाचा पुलाव केला. विहीणबाईंनी दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, ॲनिशा, यात वेलची घातलीस की बिडी? ॲनिशा माझ्याकडे बघत राहिली. मी डोळे मिटून जेवणानंतरची प्रार्थना सुरू केली. अजून कोणाचंही जेवण झालं नव्हतं.
संध्याकाळी डबा रिकामा करून धुतला गेला. त्याआधी पाईप बाहेर काढण्यात मला यश आलं. रॉटरडॅमला सुना नसतात, म्हणून तिथे सोपं गेलं असेल.

११ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ.
उद्यापासून एकदाच पेटवायचा. छातीत घरघर आहे. आचोळ्याची धूळ.

११ नोव्हेंबर. संध्याकाळ.
उद्यापासून म्हटलं होतं, आजपासून नाही. म्हणून आज तीनदा. गच्चीवर गेले होते, पाण्याच्या टाकीमागे. चार पायऱ्या चढून एकदा बसायचं, तरी गेले. पास्कूची तंबाखूची पेटी संपत आली, म्हणून कोपऱ्यावरच्या टपरीवरून बिड्या घेतल्या आणि सोडवून आतलं घातलं. वास तसाच येत नाही. पास्कूचा वास कसा, गुळासारखा, ओल्या दोरासारखा. बिडीचा वास म्हणजे कुठल्याही माणसाचा. पण डोळे मिटले आणि पहिलाच धूर सोडला की क्षणभर वाटतं, आला, दारात चप्पल काढतोय. मग जातं.
हे मी लाकडासाठी करते.

१४ नोव्हेंबर, गुरुवार.
फार वाईट झालं.
संध्याकाळी ग्लेनची रिक्षा खाली थांबली तेव्हा पाईप हातात होता. घाईत मावलीच्या, म्हणजे मरियामातेच्या मूर्तीमागे ठेवला. मला वाटलं, विझलाय. साडेसातला सगळे रोझरीला बसले. जपमाळेच्या तिसऱ्या दहा मण्यांना मावलीच्या खांद्यामागून बारीक निळा धूर वर जायला लागला. रिचेल म्हणाली, आजी, बघ! मी म्हटलं, प्रार्थना थांबवू नये. ग्लेन उठला. मी मोठ्याने नमो मारिया म्हणायला लागले. ग्लेनने मूर्ती उचलली. मागे पाईप, खाली ॲनिशाच्या क्रोशाच्या रुमालाला रुपयाएवढं भोक.

आई, पाचूबंदरला शेजारी ठेवला होता ना?
मी म्हटलं, आणून दिला कोणीतरी.
कोणी?
मी मावलीकडे बोट दाखवलं. रिचेल इतकी हसली की तिला पाणी पाजावं लागलं. ग्लेन हसला नाही. म्हणाला, आई, पप्पा गेले ते याच छातीने गेले. मला अजून एक वर्षाची मिस्सा नको आहे. मग आत गेला. ॲनिशा रुमालाचं भोक बोटाने चाचपत बसली.
मी शपथ घेतली. मिस्सेपर्यंत पाईप पेटवणार नाही. पेटवायचा नाहीच.
पण मग लाकडाचं काय?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार.
ग्लेनने पाईप माझ्याकडेच ठेवलाय. म्हणाला, मी हिसकावून घेणार नाही, तुम्ही वचन दिलंय. असं बोलला की जास्त बांधून ठेवल्यासारखं होतं. पास्कूवर गेलाय.

१७ नोव्हेंबर, रविवार. दुपार.
लाकूड बघितलं. कोरडं पडलंय. काठाला एक बारीक रेघ. तीन दिवसांत! मला माहीत होतं. पास्कू खोटं बोलत नसे.
विचार केला. पाचूबंदरची मी. होडीचं लाकूड आम्ही कसं जगवतो? माशाचं तेल लावून. मुशीच्या, म्हणजे छोट्या शार्कच्या काळजाचं तेल, वर्षातून दोनदा, होडी पन्नास वर्षं जाते. पाईप म्हणजे काय, छोटीशी होडीच. हे जगात अजून कोणाला सुचलं नसणार. आज सकाळी रविवारच्या मिस्सेला गावी गेले होते, तेव्हाच एका होडीवाल्याकडून बाटलीभर आणलं.

१७ नोव्हेंबर. संध्याकाळ.
तीन हात दिले. आतून-बाहेरून. लाकूड चकाकतंय. शिवाय तंबाखूचा वास पार गेला. आता ग्लेनला कसला वास येणार? एका दगडात... जाऊ दे. मी खूश आहे. काळूराम भावोजी बघतील तेव्हा म्हणतील, वहिनी, पास्कूपेक्षा तुम्हीच जपलात.

१९ नोव्हेंबर, मंगळवार.
घरात वास येतोय म्हणे. मला येत नाही. मला चांगलाच वाटतो.
ॲनिशाने फ्रिज बाहेर काढला. ग्लेनने मोरी उघडली. रिचेल नाकाला ओढणी बांधून अभ्यास करते. ॲनिशाने मला विचारलं, मम्मी, तुम्हाला वास येत नाही? मी म्हटलं, मला सर्दी आहे. धूळ.
पाईप माझ्या पाटीत, लुगड्याखाली.

२० नोव्हेंबर, बुधवार.
सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रहास वर आले. म्हणाले, तिसऱ्या मजल्यापासून पहिल्यापर्यंत तक्रार आहे, बहुतेक उंदीर मेलाय. दोन माणसं बोलावली. माळे, डक्ट, टाकी, सगळं शोधलं. एकाने माझ्या पाटीकडे बघून विचारलं, आजी, यात काय? मी म्हटलं, माझी अंतर्वस्त्रं. तो दोन पावलं मागे गेला. चंद्रहास म्हणाले, उंदीर खूप मोठा असावा.
दहा दिवस. फक्त दहा दिवस, पास्कू.

२१ नोव्हेंबर, गुरुवार.
वास उन्हाने उडतो. बोंबील आपण काय करतो? वाळवतो. सकाळी ॲनिशा ऑफिसला गेली की पाईप गॅलरीत, कपड्यांच्या दोरीला, शेपटीला दोरा बांधून. उलटा. पाऊण दिवस. मी तिथेच खुर्ची टाकून राखण करणार. साधी गोष्ट आहे. आयुष्यभर वाळवणाची राखण केली, कावळ्याला एक बोंबील दिला नाही.

२१ नोव्हेंबर. दुपार.
डोळा लागला. दहा मिनिटं. फार तर वीस.
दोरीला दोरा आहे. पाईप नाही.

२१ नोव्हेंबर. दुपार. थोड्या वेळाने.
मांजर. बिल्डिंगमधलं ते भुरं, एका कानाचं. गॅलरीच्या कठड्यावरून जाताना मी स्वतः पाहिलं, तोंडात पाईप धरून. नीट, कडेला, साहेबासारखा. पास्कूने एवढ्या वर्षांत कधी इतक्या ऐटीत धरला नसेल. मी ओरडले. त्याने वळून बघितलं आणि छज्ज्यावर उडी मारली.
रॉटरडॅमला मांजरं नसतात का?

२२ नोव्हेंबर, शुक्रवार.
जिना चार वेळा उतरले. मांजर मीटरच्या खोलीजवळ बसतं. माझ्याकडे बघून जीभ फिरवतं. आज मांदेली घेतली, त्याच्यापुढे ठेवली. खाल्ली. पाईपचं काही बोललं नाही.
पहिल्या मजल्यावरची बाई म्हणाली, आजी किती दयाळू आहेत. मी म्हटलं, हो.

२३ नोव्हेंबर, शनिवार.
मांजराला अजून दोन बांगडे. मला जेवण जात नाही. ॲनिशाने विचारलं, मम्मी, काय झालं? घरातला वास पण गेला, सगळे आनंदात आहेत, तुम्हीच का अशा? मी सांगू शकले नाही. तिने माझ्या कपाळाला हात लावला. चांगली पोर आहे. तिच्या रुमालाचे पैसे मी देईन. मनात ठरवलंय.

२४ नोव्हेंबर, रविवार.
मिस्सेला डोळे मिटले की पास्कू दिसतो. काही बोलत नाही, नुसता हात पुढे करतो. मी म्हणते, उद्या देते.
सहा दिवस.

२६ नोव्हेंबर, मंगळवार.
काळूराम भावोजींचा अर्नाळ्याहून फोन. वहिनी, शनिवारी मिस्सेला येतोय. तो पाईप तयार ठेवा, पास्कूचा शब्द आहे. मी म्हटलं, तयारच आहे. पुसून ठेवलाय. लखलखतोय. भावोजी म्हणाले, वा. फोन ठेवला आणि मी इतकी रडले की या लिहिणाऱ्या फोनवरही पाणी पडलं. चालतोय अजून.

२७ नोव्हेंबर, बुधवार.
सापडला!
मी चंद्रहासना सगळं सांगून टाकलं. दुसरा इलाज नव्हता. मला वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, म्हणजे उंदीर हाच का? मी मान हलवली. ते काठीला पोछा बांधून पहिल्या मजल्याच्या छज्ज्यावर गुडघ्यांवर गेले. पन्नाशीचा माणूस. मागून त्यांची बायको ओरडत होती, अहो, पडाल, एका पाईपसाठी विधवा करणार का मला?
आणला.
नळी खाल्लीय. म्हणजे अर्धी. उरलेल्या अर्धीवर दात. वाटीचा काठ एका बाजूने फुटलाय. वर मांजराचे केस.
मी चंद्रहासना म्हटलं, देव तुमचं भलं करो. ते म्हणाले, आजी, आधी हात धुतो.

२८ नोव्हेंबर, गुरुवार.
निराश व्हायचं नाही. दुरुस्ती.
फुटलेला काठ चिकटवला, रिचेलच्या कॉलेजच्या प्रोजेक्टच्या डिंकाने. माझा अंगठाही चिकटला, तो वेगळा केला. नळी नाही. कंपाउंडमध्ये पपई आहे. पपईच्या पानाचा देठ आतून पोकळ असतो, लहानपणी आम्ही त्याने पाणी ओढायचो. एक कापला, बसवला. हिरवा दिसतो. काळ्या बुटाचं पॉलिश लावलं. आता लांबून बघितलं तर कळत नाही. जिन्याच्या त्या टोकावरून.
भावोजींची नजर तशीही कमी झालीय.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार.
देठ सुकून वाकला. पाईप मान खाली घालून बसलाय. नवीन देठ. नवीन पॉलिश.
मी उद्या आनंदाने देणार आहे. मला काय करायचाय तो? एका मेलेल्या माणसाचं लाकूड. बाजारात किलोवर मिळतं.

३० नोव्हेंबर, शनिवार. सकाळ.
मिस्सेआधी. कंपाउंडमधून ताजा देठ घेतला. बसवताना दोनदा मोडला. चहा कमी घेतला म्हणून.

३० नोव्हेंबर. संध्याकाळ.
सांगते सगळं. नीट, क्रमाने.
मिस्सा झाली, फादरनी पास्कूचं नाव घेतलं, ग्लेन रडला. घरी आलो, पन्नासेक माणसं, पाव आणि विंदालू. भावोजी कोपऱ्यात बसले होते, पांढरा शर्ट, काठी. पास्कूबरोबर त्याच बोटीवर बावीस वर्षं. मी मोजा समोर ठेवला. मग पाईप काढला. देठ बाजूला मोडून पडला. पॉलिश माझ्या हाताला, भावोजींच्या शर्टाला. आणि वास. पन्नास माणसांनी एकदम ताटं खाली ठेवली.

मी सगळं बोलून टाकलं. तेल, दोरी, मांजर, छज्जा. म्हटलं, भावोजी, तो एकतीस वर्षं सातासमुद्रापार घेऊन फिरला, एक ओरखडा नाही. आणि मी पाचूबंदरहून आचोळ्याला नेला, सव्वीस दिवसांत ही गत केली. त्याने बरोबर सांगितलं होतं. माझ्या हातात काही टिकत नाही.

भावोजी पाईप फिरवून बघत होते. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत.
म्हणाले, वहिनी, हा पाईप बोटीवर कधी आलाच नाही हो.
मी म्हटलं, काय?
पास्कू पाचूबंदरहून तोंडात धरून निघायचा, तुम्हाला दिसेपर्यंत. मग सरळ आमच्या घरी, अर्नाळ्याला. माझ्या आईकडे द्यायचा. म्हणायचा, काकी, ठेव, हरवला तर मॅग्डू घरात घेणार नाही. परत आला की आधी आमच्याकडे यायचा, पाईप घ्यायचा, मग तुमच्या दारात. एकतीस वर्षं आईच्या तांदळाच्या डब्यात होता.
तांदळाच्या डब्यात.
मी म्हटलं, आणि रॉटरडॅम?
बिड्या ओढायचा रॉटरडॅमला.

मी खाली बसले. ॲनिशाने पाणी आणलं. मी म्हटलं, निदान एक तरी खरं सांगा, पेटवला नाही तर लाकूड मरतं ना? भावोजींनी ग्लेनकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, लाकूड कशाला मरेल, वहिनी? झाड कापलं तेव्हाच मेलं ते. रिटायर झाल्यावर घरी ओढला की तुम्ही ओरडायचात, म्हणून त्याने ते काढलं होतं.
मग काठी दोन्ही हातांत धरून पुढे वाकले.
शेवटच्या आठवड्यात मला म्हणाला, काळू, वर्षभर तिच्याकडे असू दे, तिला सोबत होईल. पण वर्षाने नक्की काढून घे. नाहीतर माझंच कारण सांगून ओढत बसेल.

 
मेला तरी ओळखून होता मेला.

भावोजींनी हात पुढे केला. शब्द म्हणजे शब्द. मी पाईप दिला. म्हणजे देत होते. माझा हात सुटेना. संधिवात आहे मला, थंडीत बोटं अशी धरून बसतात. ग्लेनने येऊन एकेक बोट हळूच सोडवलं, लहानपणी मी त्याच्या मुठीतला शंख सोडवायचे तसं. मी भावोजींना सांगितलं, मोज्यात ठेवा, मोजा टॉवेलमध्ये, टॉवेल तांब्यात. मांजर आहे का तुमच्याकडे? नाही? बरं. तेल लावू नका.

५ डिसेंबर, गुरुवार.
पाचूबंदरला परत. वर नवा स्लॅब. घरात चुन्या-सिमेंटचा वास. दुसरा कसलाही नाही. पाईप दिल्यापासून पाच दिवसांत, दारात चप्पल काढल्यासारखं एकदाही वाटलं नाही.
मी आता अजिबात ओढत नाही. ही खरी गोष्ट आहे, ओढायला काही नाही. ग्लेन फोनवर म्हणाला, आई, तुमचा आवाज मोकळा झाला. मी म्हटलं, इथे धूळ नाही.

८ डिसेंबर, रविवार.
काळूराम भावोजींना फोन केला. सहज. पाईप बरा आहे का विचारायला. डॉक्टरने त्यांना पाच वर्षांपूर्वीच सगळं बंद करायला सांगितलंय, त्यामुळे मला काळजी नाही. भावोजी हॅलो म्हणाले आणि खोकायला लागले. खूप वेळ. मग म्हणाले, काही नाही वहिनी, अर्नाळ्याला वाळू फार उडते.
मी म्हटलं, वाळू? 
मग हळू आवाजात म्हणाले, काठाला एक बारीक रेघ दिसली हो. म्हणून आपलं एकदा.
मी म्हटलं, आठवड्यातून एकदा पुरत नाही, भावोजी. थंडी आहे.

म्हातारा माणूस, एकट्याने किती काळजी घेणार? बुधवारी अर्नाळ्याची बस धरते. मदतीला. पिशवीत पपईचा ताजा देठ ठेवलाय.